डेटाबेसमधली वेळ, टाइमझोन आणि डेलाइट सेव्हिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात डेलाइट सेव्हिंग नाही, म्हणजे उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे आणि हिवाळ्यासाठी परत मागे करावं लागत नाही, आणि सगळा देश एकाच वेळेवर चालतो. या सोयीमुळे आपल्याकडच्या प्रोग्रॅमरला एक सवय लागते. वेळ म्हणजे एक आकडा, तो कॉलममध्ये टाकला की काम झालं, असं वाटू लागतं. पुण्यात किंवा नाशकात बसून लिहिलेला, इथंच तपासलेला कोड वर्षभर बिनतक्रार चालतो आणि मार्चमधल्या एका रविवारी न्यू जर्सीतल्या ग्राहकाकडे कोसळतो. खालचे प्रश्न त्या रविवारच्या आधी वाचून ठेवावेत.

वेळ डेटाबेसमध्ये साठवायची कशी? थोडक्यात सांगा.

आधी ती वेळ कोणत्या जातीची आहे ते ठरवा. घडून गेलेला क्षण असेल (पैसे जमा झाले, लॉगिन झालं, पार्सल निघालं) तर तो यूटीसीमध्ये (सगळ्या जगासाठीच्या प्रमाणवेळेत) साठवा. पुढे व्हायची, कोणत्या तरी गावाच्या घड्याळावर ठरलेली वेळ असेल (अपॉइंटमेंट, वर्ग, सभा) तर ती स्थानिक वेळ जशीच्या तशी ठेवा आणि शेजारच्या कॉलममध्ये टाइमझोनचं पूर्ण नाव ठेवा. नुसती तारीख असेल (जन्मतारीख, पॉलिसी संपण्याचा दिवस) तर तारखेचाच प्रकार वापरा, तिला तास-मिनिटं चिकटवू नका.

टेबल आखताना प्रत्येक कॉलमसाठी हा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. तो न विचारल्यामुळे झालेला गोंधळ निस्तरायला महिने जातात.

यूटीसीच का?

कारण यूटीसीला डेलाइट सेव्हिंग नाही आणि कोणत्याही देशाचं सरकार ती बदलत नाही. दोन नोंदींपैकी आधीची कोणती, हे नुसत्या तुलनेनं कळतं. भारतीय वेळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटं पुढे आहे. न्यू यॉर्क हिवाळ्यात ५ तास आणि उन्हाळ्यात ४ तास मागे असतं. दाखवताना वाचणाऱ्याच्या टाइमझोनमध्ये रूपांतर करायचं, साठवताना नाही.

आमचे सगळे ग्राहक महाराष्ट्रातच आहेत. सरळ भारतीय वेळ साठवली तर काय बिघडतं?

आजचं गणित चुकणार नाही, कारण आपला ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) स्थिर आहे. अडचण दुसरीकडे येते. क्लाउडवरचा डेटाबेस बहुधा यूटीसीवर चालतो, डेव्हलपरचा लॅपटॉप भारतीय वेळेवर. एका कॉलममध्ये ॲप्लिकेशननं पाठवलेली भारतीय वेळ जाते, शेजारच्या कॉलममध्ये डेटाबेसनं आपणहून भरलेली यूटीसी. मग ऑर्डर नोंदवल्याच्या साडेपाच तास आधीच तिचे पैसे भरलेले दिसतात. दोन वेळांमधला फरक नेमका साडेपाच तास दिसला की बाकी काही शोधण्याआधी हे तपासा.

भारतीय वेळच साठवायची असं ठरवलंत तर निदान ते सगळीकडे पाळा आणि कॉलमच्या नावातच तसं लिहा. पण नवी सिस्टीम उभी करत असाल तर माझा आग्रह यूटीसीचाच आहे. ग्राहक महाराष्ट्रातले असले तरी त्यांची मुलं सिॲटलहून वीजबिल भरतात.

नोंदी यूटीसीमध्ये आहेत, पण दिवसाचा हिशेब चुकतो. असं का?

कारण "दिवस" ही गोष्ट क्षणात नसते, ती टाइमझोनसकट ठरते. भारतातला दिवस यूटीसीनुसार आदल्या दिवशी १८:३० वाजता सुरू होतो. कॉलममधून थेट तारीख काढून बेरीज केली, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक नोंद आदल्या दिवसात जाते.

एरवी हे कुणाच्या लक्षात येत नाही. ३१ मार्चला येतं. १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता झालेला व्यवहार यूटीसीत ३१ मार्च, २०:३० असा नोंदला जातो. म्हणजे तारखेवर गट करणाऱ्या क्वेरीनं तो सरळ मागच्या आर्थिक वर्षात ढकलला. सीएंच्या आकड्यांशी तुमचे आकडे जुळत नाहीत आणि फरक इतका लहान असतो की कुणी तरी एंट्री चुकवली असं सगळ्यांना वाटतं.

उपाय दोन आहेत. गट करताना आधी आशिया/कोलकाता या झोनमध्ये रूपांतर करा आणि मग तारीख काढा. एखाद्या ठरावीक दिवसाच्या नोंदी हव्या असतील तर त्या दिवसाच्या दोन्ही कडा यूटीसीमध्ये काढा आणि सुरुवातीची कड धरून, शेवटची कड सोडून नोंदी मागा. १ एप्रिलसाठी म्हणजे ३१ मार्च १८:३० पासून १ एप्रिल १८:३० च्या अलीकडपर्यंत. असं केल्यानं कॉलमवरचा इंडेक्सही वापरला जातो, आणि २३:५९:५९ नंतरच्या अर्ध्या सेकंदात आलेली नोंद निसटत नाही.

तासाच्या रिपोर्टमध्ये आणखी एक खाच आहे, ती अर्ध्या तासाच्या ऑफसेटमुळे. यूटीसीमध्ये तासाला कापून नंतर भारतीय वेळेत दाखवलं, तर आलेखावर १०:३० ते ११:३० असे तुकडे दिसतात. दुकानदाराला दहा ते अकरा हवं असतं. पूर्ण तासांचे ऑफसेट असलेल्या देशात बनलेल्या अनेक तयार डॅशबोर्डांत हा दोष आढळतो, कारण तिथं तो कुणाला कधी दिसलाच नाही. नेपाळची वेळ ५ तास ४५ मिनिटांवर आहे, तिथं हे पावतासानं सरकतं.

जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

तारखेला क्षण बनवल्यामुळे. फॉर्ममध्ये कुणी १५ ऑगस्ट निवडला. ब्राउझरनं त्याची भारतीय वेळेतली मध्यरात्र धरली, सर्व्हरकडे पाठवताना यूटीसी केली आणि १४ ऑगस्ट १८:३० पाठवलं. सर्व्हरनं वेळ टाकून दिली, तारीख ठेवली. झाला माणूस एका दिवसानं मोठा.

उलट दिशेनंही हे होतं. जावास्क्रिप्टला नुसती "वर्ष-महिना-दिवस" अशी तारीख दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र मानली जाते. मुंबईत ते १५ ऑगस्टचे पहाटे साडेपाच, म्हणून तारीख बरोबर दिसते. न्यू यॉर्कमध्ये त्या क्षणी १४ तारखेची रात्र असते. कॉलम तारखेच्या प्रकाराचा ठेवा आणि ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत ती साध्या मजकुरासारखी न्या. वाटेत कुठंही टाइमझोनचं रूपांतर होऊ देऊ नका.

डेलाइट सेव्हिंगमध्ये नेमकं काय होतं?

अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ एकदम तीनवर जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला परत एकवर येतं. २०२६ मध्ये हे दिवस आहेत ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. डेटाबेसच्या दृष्टीनं यातून दोन चमत्कारिक तास तयार होतात.

८ मार्चला न्यू यॉर्कमध्ये पहाटेचे अडीच वाजतच नाहीत. ती वेळ अस्तित्वात नाही. १ नोव्हेंबरला पहाटेचा दीड दोनदा वाजतो, एकदा यूटीसी ०५:३० ला आणि पुन्हा ०६:३० ला. भारतीय वेळेत हे सकाळचे अकरा आणि दुपारचे बारा. स्थानिक वेळ नुसती साठवली असेल तर या दोन दीडांतला कोणता, हे नंतर कुणीही सांगू शकत नाही. ती माहिती कायमची गेलेली असते.

युरोपात बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, सगळीकडे एकाच क्षणी, यूटीसी ०१:०० ला. त्यामुळे २०२६ मध्ये ८ ते २९ मार्च या तीन आठवड्यांत लंडन आणि न्यू यॉर्कमधलं अंतर पाच तासांऐवजी चार तास असतं. पुणे-लंडन-न्यू यॉर्क अशा तिघांच्या मीटिंगमध्ये दर वर्षी कुणी ना कुणी तासभर आधी किंवा उशिरा येतं ते याच आठवड्यांत.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये "टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन" वापरला की झोन साठवला जातो ना?

नाही, आणि हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. हा प्रकार आलेली वेळ यूटीसीत बदलून ८ बाइटमध्ये ठेवतो आणि मूळ झोन टाकून देतो. वाचताना तुमच्या सेशनच्या (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या) टाइमझोनमध्ये दाखवतो. क्षण साठवायला हा उत्तम प्रकार आहे. ग्राहक कोणत्या झोनमध्ये होता हेही हवं असेल तर त्यासाठी वेगळा कॉलम लागतो.

"विदाउट टाइम झोन" प्रकार धोक्याचा आहे, कारण तो तक्रार करत नाही. त्याला शेवटी +०५:३० लावलेली वेळ दिली तर तो ऑफसेट गुपचूप सोडून देतो आणि आकडे तसेच ठेवतो.

"ॲट टाइम झोन" दोन प्रकारांवर दोन उलट कामं करतो. "विथ" प्रकारावर लावला तर त्या झोनची स्थानिक वेळ काढून "विदाउट" प्रकार देतो. "विदाउट" प्रकारावर लावला तर ही वेळ त्या झोनची आहे असं मानून क्षण बनवतो. क्वेरी वाचताना डावीकडचा कॉलम कोणत्या प्रकारचा आहे हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लावू नका.

चमत्कारिक तासांचं पोस्टग्रेस काय करतं? न वाजणाऱ्या अडीचचे ते साडेतीन करतं. दोनदा वाजणाऱ्या दीडांपैकी ते दुसरा, हिवाळी वेळेचा धरतं. जावाचा "झोन्ड डेट टाइम" मात्र आपणहून पहिला, उन्हाळी वेळेचा धरतो. पायथॉनमध्ये "फोल्ड" नावाचं चिन्ह आहे, ते शून्य असलं की पहिला दीड. म्हणजे एकच मजकूर जावानं वाचला आणि डेटाबेसनं वाचला तर एका तासाचा फरक पडतो, आणि दोघंही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर असतात. म्हणून मजकुरातून स्थानिक वेळ क्षणात बदलण्याचं काम सिस्टीममध्ये एकाच ठिकाणी होऊ द्या.

मायएसक्यूएलमध्ये "डेटटाइम" की "टाइमस्टॅम्प"?

"टाइमस्टॅम्प" सेशनच्या झोनवरून यूटीसी करून साठवतो आणि वाचताना परत फिरवतो. "डेटटाइम" काहीच बदलत नाही, दिलेले आकडे ठेवतो. "टाइमस्टॅम्प"ची मर्यादा १९ जानेवारी २०३८ ला यूटीसी ०३:१४:०७ वाजता संपते. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते साठवणाऱ्या सिस्टीमला ही मर्यादा आजच लागते.

मी बहुतेक ठिकाणी "डेटटाइम" घेतो, सेशनचा झोन +००:०० वर पक्का करतो आणि सगळं यूटीसी लिहितो. झोनच्या नावानं रूपांतर करायचं असेल तर सर्व्हरवर टाइमझोनची टेबलं आधी भरावी लागतात. ती भरलेली नसतील तर "कन्व्हर्ट टीझेड" त्रुटी देत नाही, नल देतो, आणि रिपोर्टमध्ये रिकाम्या जागा दिसू लागतात.

आणि ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूलाइट?

ओरॅकलचा "टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन" नावाप्रमाणे वागतो, तो झोनचं नावही साठवू शकतो. एसक्यूएल सर्व्हरचा "डेटटाइमऑफसेट" फक्त ऑफसेट ठेवतो, आणि त्याची झोनची नावं विंडोजची असतात. एसक्यूलाइटमध्ये वेळेचा वेगळा प्रकारच नाही. तिथं यूटीसीतला मजकूर एकाच साच्यात लिहायची शिस्त तुम्हालाच पाळावी लागते.

ऑफसेट साठवला तर झोनचं नाव कशाला?

ऑफसेट त्या एका क्षणापुरता खरा असतो. −०५:०० म्हणजे जानेवारीतलं न्यू यॉर्क असू शकतं आणि जुलैतलं शिकागोही. "अमेरिका/न्यू_यॉर्क" या नावात मागचे-पुढचे सगळे नियम येतात. ही नावं आयाना या, इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या टाइमझोन डेटाबेसमधून येतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी हे काम १९८० च्या दशकात सुरू केलं, पॉल एगर्ट ते पुढे सांभाळत आले, आणि २०११ पासून ते आयानाकडे आहे. जगभरचे सर्व्हर आणि फोन ज्यावर चालतात ते हे काम स्वयंसेवकांनी उभं केलं आहे, हे आपल्या क्षेत्रात पुरेसं सांगितलं जात नाही.

दर शनिवारच्या ऑनलाइन वर्गाची वेळ कशी साठवू?

समजा शिक्षिका पुण्यात आहेत आणि मराठी शिकणारी मुलं न्यू जर्सीत. वर्ग तिथल्या सकाळी दहाला. उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ. आता हा वर्ग कुणाच्या घड्याळाला बांधला आहे? मुलांच्या दहाला की बाईंच्या साडेसातला? हे डेटाबेसला कळणार नाही, माणसांना विचारावं लागेल. उत्तर मिळालं की त्या बाजूची स्थानिक वेळ, वार आणि झोनचं नाव साठवा. प्रत्यक्ष क्षण प्रत्येक आठवड्यासाठी तेव्हा काढा.

हाच वर्ग यूटीसी १४:०० म्हणून साठवला तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर मुलांकडे तो सकाळी नऊला येतो.

पुढच्या वेळा यूटीसीत न ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे सरकारं नियम बदलतात. मेक्सिकोनं २०२२ मध्ये बहुतेक भागांत डेलाइट सेव्हिंग बंद केलं. इजिप्तनं २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये घड्याळं पुढे करायला जेमतेम दोन-तीन दिवस उरले असताना सरकारनं ते लांबणीवर टाकलं, काही संस्थांनी ऐकलं नाही, देशात काही दिवस दोन वेळा चालल्या आणि मग निर्णय फिरवला गेला. मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मॉरिशसनं २००८-०९ च्या एका हंगामात डेलाइट सेव्हिंग करून पाहिलं आणि सोडून दिलं. स्थानिक वेळ आणि झोनचं नाव साठवलेलं असेल तर अशा वेळी सर्व्हरवर टाइमझोनची नवी माहिती बसवणं आणि पुढचे क्षण पुन्हा काढणं एवढंच काम उरतं.

झोन म्हणून "आयएसटी" लिहिलं तर चालेल?

कृपया लिहू नका. ही तीन अक्षरं भारताची आहेत, इस्रायलची आहेत आणि आयर्लंडचीही. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १७ पर्यंत मूळ मांडणीत त्यांचा अर्थ इस्रायलची वेळ, म्हणजे +०२:०० असा होतो. भारताची वेळ हवी तर लघुनामांची "इंडिया" यादी वेगळी निवडावी लागते. इस्रायलमध्ये बेने इस्रायल समाजातली मराठी बोलणारी घरं आहेत, तेव्हा दोन्ही वेळांचे वापरकर्ते एकाच टेबलमध्ये येणं अशक्य नाही.

"आशिया/कोलकाता" लिहा. काही ब्राउझर अजून "आशिया/कलकत्ता" हे जुनं नाव पाठवतात. दोन्ही एकाच झोनची नावं आहेत, पण मजकूर म्हणून तुलना केली तर वेगळी ठरतात. "ईटीसी/जीएमटी+५" या घराण्यातल्या नावांपासून दूर राहा. त्यांत चिन्ह उलटं असतं, आणि +५ म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला पाच तास.

पहाटे अडीचचं बॅकअप एका रविवारी झालंच नाही.

सर्व्हर अमेरिकी झोनवर असेल तर त्या दिवशी अडीच वाजलेच नाहीत. काही क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारे प्रोग्रॅम) हे सांभाळून घेतात, काही नाही. नोव्हेंबरमध्ये दीडचं काम दोनदा चालू शकतं, आणि ते व्याज आकारण्याचं काम असेल तर व्याज दोनदा लागतं. सर्व्हर यूटीसीवर ठेवा आणि काम दोनदा चाललं तरी परिणाम एकदाच होईल असं लिहा.

जुन्या "विदाउट टाइम झोन" कॉलमचा प्रकार कसा बदलू?

आधी त्यात कोणती वेळ आहे हे पुराव्यानं ठरवा. ॲप्लिकेशनचे लॉग, बँकेची स्टेटमेंट, दिवसातली वर्दळ पाहा. दुकानाची विक्री पहाटे साडेचारपासून सुरू होताना दिसली तर कॉलम यूटीसीत आहे, कारण दुकान दहाला उघडतं. मग प्रकार बदलताना "ॲट टाइम झोन" लावून झोन स्पष्ट सांगा. न सांगितल्यास पोस्टग्रेस तुमच्या सेशनचा झोन धरतं, आणि तो तुमच्या लॅपटॉपचा असू शकतो.

ज्येष्ठांच्या जन्मतारखा बिघडतात, तरुणांच्या नाही. हे काय?

१ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारताची घड्याळं एक तास पुढे, +०६:३० वर होती. टाइमझोन डेटाबेसला हे माहीत आहे. एका लायब्ररीनं १ जून १९४४ ची मध्यरात्र या नियमानं यूटीसीत नेली तर ३१ मे १७:३० येतं. दुसरीनं ती सरसकट साडेपाच तास मिळवून परत आणली तर ३१ मे, रात्री अकरा. पेन्शनच्या नोंदींत हे दिसतं आणि उपाय वर सांगितलेलाच आहे, जन्मतारखेचा क्षण करू नका.

जन्मवेळ साठवणाऱ्यांना, म्हणजे कुंडलीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना, मुंबईसाठी आणखी एक पायरी लागते. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईत १९५५ पर्यंत मुंबई टाइम चालू होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आयानाच्या माहितीत मुंबईचा वेगळा झोन नाही. जुन्या टिपणात कोणती वेळ लिहिली आहे हे घरच्यांना विचारून वेगळ्या कॉलममध्ये नोंदवावं लागतं.

हे सगळं तपासायचं कसं?

चाचण्या चालवताना सेशनचा झोन मुद्दाम "अमेरिका/न्यू_यॉर्क" करा, पुन्हा "आशिया/कोलकाता" करा, आणि उत्तरं सारखी येतात का पाहा. ८ मार्च २०२६ चे अडीच आणि १ नोव्हेंबर २०२६ चे दोन्ही दीड घाला. दिवस २३ आणि २५ तासांचा असताना बेरीज पाहा, कारण पोस्टग्रेसमध्ये "१ दिवस" मिळवणं आणि "२४ तास" मिळवणं त्या दिवशी वेगळं उत्तर देतं. ३१ मार्चच्या रात्री साडेअकराची आणि १ एप्रिलच्या पहाटे पाचची नोंद घालून दोन्ही योग्य आर्थिक वर्षात पडतात का ते बघा. दक्षिण गोलार्धासाठी सिडनी घ्या, तिथं डेलाइट सेव्हिंग ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुरू होतं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी संपतं. बदल नेहमी एका तासाचाच असतो असं कोडमध्ये कुठं गृहीत धरलं असेल तर ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटाचा झोन लावून पाहा, तिथं घड्याळ अर्धाच तास सरकतं.